सोलापुरात ब्लूग्रास-जॅझ वाद्यसंगीताचा अल्बम घरच्या घरी कसा रेकॉर्ड करायचा

या संगीतात ताल धरायला वेगळा माणूस नसतो. बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पाय रोवतो, मँडोलिन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ‘चॉप’ (लगेच तोडलेला, कोरडा झटका) मारते, गिटार मधली जागा भरते आणि एकल वाजवणारा या तिघांच्या खांद्यावर बसून पुढे जातो. म्हणून एकेका वादकाला वेगळं बोलावून, क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) ऐकवून, नंतर जोडलेलं ब्लूग्रास-जॅझ ऐकायला बसलं की दुसऱ्याच मिनिटाला कंटाळा येतो. सगळ्यांनी एका खोलीत, एकमेकांकडे बघत, एकदमच वाजवायचं. पुढचं सगळं, म्हणजे खोली, माइक आणि वेळापत्रक, या एका गोष्टीच्या सोयीसाठी आहे.

थोडा इतिहास कामापुरता. ब्लूग्रास, म्हणजे तारवाद्यांवरचं अमेरिकी लोकवळणाचं संगीत, केंटकीच्या बिल मनरो यांच्या बँडमधून आलं. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज तीन बोटांचा बँजो घेऊन त्यांच्यात आले आणि आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो तो आवाज ठरला. इकडे पॅरिसमध्ये १९३४ पासून जँगो राइनहार्ट आणि स्टेफान ग्रापेली ड्रमशिवाय, नुसत्या गिटारी, व्हायोलिन आणि बासवर जॅझ वाजवत होते. या दोन धाग्यांची घट्ट गाठ मारणारा अल्बम म्हणजे १९७७ चा डेव्हिड ग्रिसमन क्विंटेटचा पहिला अल्बम. त्यात दोन मँडोलिन, व्हायोलिन, गिटार आणि बास आहेत. बँजो नाही. सोलापुरात पाच तारांचा बँजो वाजवणारा सापडला नाही म्हणून कुणी हात टेकू नयेत, एवढ्यासाठी हे सांगितलं.

माणसं आणि वाद्यं

चार जण पुरतात: मँडोलिन, गिटार, व्हायोलिन, बास. पाचवा आला तर बँजो किंवा दुसरी मँडोलिन.

मँडोलिन आपल्याकडे ऑर्केस्ट्रावाल्यांमुळे माहितीची आहे, पण ती बहुतेक सपाट पाठीची आणि गोल भोकाची असते. तिचा सूर लांबतो. सिनेमातल्या ट्रेमोलोला ते छान, चॉपला मात्र अडचणीचं. चॉपला कोरडा, लगेच विरणारा आवाज लागतो आणि तो कोरीव पोटाच्या, व्हायोलिनसारखी ‘एफ’ आकाराची भोकं असलेल्या मँडोलिनमधून सहज निघतो. गोल भोकाचीच असेल तर डाव्या हाताने दाब आणखी लवकर सोडायची सवय करावी.

चॉपचा सुरांचा गुच्छ असा धरा: जी तारांवर सातवा फ्रेट (मानेवरची आडवी पट्टी), डी वर पाचवा, ए वर दुसरा, ई वर तिसरा. हा जी मेजर. यात एकही तार मोकळी नाही आणि खुबी तिथेच आहे. मोकळी तार बोटाचा दाब सैल करून बंद करता येत नाही, ती वाजतच राहते. पिक मारल्या मारल्या बोटांचा दाब सैल करायचा, पण बोटं तारांवरून उचलायची नाहीत. उचलली तर तार किणकिणते. पिक दीड मिलिमीटरच्या आसपास जाड आणि गोल कडेचं घ्या. पातळ पिकने चॉपचा ‘चक’ न येता ‘चिक’ येतो.

डबल बास ही सोलापुरातली खरी अडचण. पुण्या-मुंबईहून भाड्याने आणता येतो, पण तो टेम्पोतूनच आणावा लागतो आणि उन्हाळ्यात बंद टेम्पोतलं तापमान त्याच्या सरसाला झेपत नाही. रात्री आणा. नाहीच जमलं तर इलेक्ट्रिक बासवर फ्लॅटवाउंड (गुळगुळीत पृष्ठभागाच्या) तारा चढवा, ब्रिजजवळ तारांखाली दोन-तीन सेंटिमीटर रुंदीची स्पंजाची पट्टी सरकवा आणि अंगठ्याच्या मांसल भागाने, फ्रेटबोर्डच्या टोकाशी वाजवा. सूर छोटा आणि गुबगुबीत होतो, जवळजवळ उभ्या बाससारखा. तो नुसता सरळ इंटरफेसमध्ये (माइक आणि वाद्यं लॅपटॉपला जोडणारी पेटी) घेऊ नका. खोलीत छोट्या ॲम्पमधून वाजू द्या आणि इंटरफेसमधली लाइनही बरोबर घ्या, नाहीतर बाकीच्यांना तो ऐकूच येणार नाही आणि हेडफोन लावावे लागतील.

व्हायोलिनवादक सोलापुरात मिळतो, पण तो बहुधा शास्त्रीय किंवा भजनाच्या साथीतला. त्याची व्हायोलिन प-सा-प-सा किंवा सा-प-सा-प अशी लावलेली असते. इथे ती जी-डी-ए-ई अशी पाचव्या-पाचव्या सुरांवर लावावी लागते, मँडोलिनसारखीच. सवय मोडायला पंधरा दिवस द्या. मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायाशी टेकवून वाजवणाऱ्याला उभं राहायला लावू नका. त्याचा हात जड होतो. त्याला गादीवर बसू द्या आणि माइकची जागा बदला, ते पुढे आलं आहे.

आधारषड्ज तोच, खालची जमीन सरकते

आपल्या वादकाला जॅझचे कॉर्ड (सुरांचे गुच्छ) समजावताना इंग्रजी नावांचा पाढा म्हणण्यापेक्षा सरगम बरी. जी हा सा धरा. जॅझमध्ये सगळीकडे भेटणारी चाल म्हणजे ए मायनर सेव्हन, डी सेव्हन, जी. तिचे सूर:

ए मायनर सेव्हन: रे, म, ध, सा
डी सेव्हन: प, नि, रे, म
जी सिक्स्थ: सा, ग, प, ध

सगळे शुद्ध. रागात न्यासाचे स्वर ठरलेले असतात, इथे ते दर एक-दोन आवर्तनांनी, इंग्रजीत बारने, बदलतात एवढाच फरक. एकल वाजवणाऱ्याला सांगा, पहिल्या बारमध्ये सा वर थांब, दुसऱ्यात नि वर, तिसऱ्यात ध वर. किंवा म, म, ग. हे दोन धागे नुसते धरून ठेवले तरी कान म्हणतो की कॉर्ड बदलला. आणि सबंध वेळ सा वरच न्यास केला तर डी सेव्हनवर तो सा खटकतो, कारण त्या वेळी गिटार नि वाजवत असते. शास्त्रीय वादकाची पहिली चूक हीच होते आणि ‘बेसूर कोण आहे’ यावर अर्धा तास जातो. बेसूर कोणीच नसतं.

हेच धागे गिटारवर: ए मायनर सेव्हनला सहाव्या, चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर तिन्ही बोटं पाचव्या फ्रेटवर. डी सेव्हनला पाचव्या तारेवर पाचवा, चौथीवर चौथा, तिसरीवर पाचवा. जी सिक्स्थला सहावीवर तिसरा, चौथीवर दुसरा, तिसरीवर चौथा. तीनच तारा, बाकीच्या बोटांच्या मांसाने गप्प. सहाही तारांचा मोकळा जी कॉर्ड झोडपला की मँडोलिन, व्हायोलिन आणि बास तिघांच्या जागेवर अतिक्रमण होतं. ब्लूग्रासच्या भागात गिटारवर आधी खालच्या तारेचा सूर आणि मग झटका असं वाजवा, जॅझच्या भागात हे तीन तारांचे छोटे कॉर्ड, मात्रेमात्रेला.

लयीचा प्रश्न याहून अवघड. आपले हात समेवर पडतात, टाळ्याही पहिल्या मात्रेवर. इथे जोर दुसऱ्या आणि चौथ्यावर. यावर औषध एकच: मेट्रोनोम निम्म्या गतीवर लावायचा आणि त्याची टिक ही दुसरी-चौथी मात्रा आहे असं समजून वाजवायचं. १२० ची चाल असेल तर मेट्रोनोम ६० वर. पहिले दोन दिवस प्रत्येकजण घसरून टिकेला सम करून टाकतो. आठवड्याने बसतं.

स्विंगमध्ये मात्रेचे दोन भाग असमान असतात, संथ गतीत ढोबळ मानाने दोनास एक. गती वाढली की ते समान होत जातात. ब्लूग्रास बहुतेक सरळच असतं. बँजोची फिरत म्हणजे आठ सूर, ३+३+२ असे वाटलेले. केहरव्याच्या आठ मात्रा ज्याच्या अंगात आहेत त्याला ही विभागणी पटकन कळते. गोंधळ कुठे होतो? एकाच गतीत गिटार स्विंग करते आणि मँडोलिन सरळ वाजवते तेव्हा. प्रत्येक धुनेच्या कागदावर ‘सरळ’ की ‘झुलत’ हे मोठ्या अक्षरात लिहा, आणि मध्येच बदलत असेल तर कोणत्या बारपासून तेही.

तबला घ्यावा का, असं विचारलं जातंच. झाकिर हुसेन, बँजोवादक बेला फ्लेक आणि बासवादक एडगर मायर यांनी तो उत्तम बसवून दाखवला आहे, पण बायाँ बासच्या जागेत येतो आणि चाटेचा बोल मँडोलिनच्या चॉपवर पडतो. पहिल्या अल्बममध्ये मोह टाळा.

धुनेची बांधणी

अल्बमला नऊ-दहा धुना, मिळून चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं. ब्लूग्रासच्या धुना बहुधा अअबब, प्रत्येक तुकडा आठ बार, एकूण ३२. जॅझचं नेहमीचं बांधकाम अअबअ, तेही ३२. लांबी सारखी असल्यामुळे मिश्रण सोपं जातं: डोकं, म्हणजे सुरुवातीची मूळ धून, ब्लूग्रासचं: धून सरळ आणि बास एक-तीन मात्रांवर. मग एकल वादनाला बास चालू लागतो, दर मात्रेला एक सूर, आणि कॉर्ड जॅझचे होतात. शेवटी पुन्हा डोकं. हा पलटी मारायचा क्षण कागदावर ठरलेला हवा. नजरेने ठरवू म्हणाल तर अर्धे जण आधी वळतात.

मँडोलिन एकल वाजवायला लागली की चॉप बंद पडतो आणि खालून सतरंजी ओढल्यासारखं होतं. चॉप कोणी घ्यायचा हे आधी वाटा. व्हायोलिनवरही चॉप होतो: धनुष्याचा टाचेकडचा भाग तारांवर आपटून तिथेच रुतवायचा. अमेरिकी व्हायोलिनवादक रिचर्ड ग्रीन यांनी १९६० च्या दशकात तो रुजवला. आपल्या व्हायोलिनवादकाला हे वाद्यावर अत्याचार वाटेल. समजूत काढा, किंवा ते काम गिटारला द्या.

महिना आणि वेळ

लाकडी वाद्यांना ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो आणि हवा इतकी कोरडी होते की गिटारचं पोट बसतं, तारा फ्रेटला खरखरतात, फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला लागतात, आणि नशीब फुटकं असेल तर पोटही फुटतं. पावसाळ्यात उलट: लाकूड फुगतं, तारा वर उचलतात, आवाज दबतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. त्यातले जानेवारीतले गड्ड्याचे (सिद्धेश्वर यात्रेचे) दिवस वगळा, निदान होम मैदानाच्या आसपास राहणाऱ्यांनी तरी. शोभेच्या दारूच्या रात्री बासचा माइक काहीही टिपेल, बास सोडून.

उन्हाळ्यातच करायचं असेल तर वाद्याच्या पेटीत साबणाची भोकं पाडलेली डबी ठेवा, आत ओला करून पिळलेला स्पंज. पेटीत पाणी गळता कामा नये. दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक पेटीतच राहू द्या. डेझर्ट कूलर हवा दमट करतो, त्यामुळे वाद्याला तसा तो शत्रू नाही, पण कूलरच्या झोतात ठेवलेलं वाद्य दहा मिनिटांत सुरातून जातं. खोली आधी गार करून घ्या, रेकॉर्डिंगला कूलर आणि पंखा दोन्ही बंद, आणि दर दोन टेकनंतर (टेक म्हणजे धुनेचं एक सलग रेकॉर्डिंग) दार उघडा.

वेळ रात्री अकरा ते पहाटे चार. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ राहत असाल तर लूमचा खडखडाट रात्रीही असतो आणि तो भिंतीतून कमी, जमिनीतून जास्त येतो. माइकच्या स्टँडखाली जुना टॉवेल चौपदरी घडी करून ठेवला तर बरंच कमी होतं. शेजारच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी कधी ते विचारून तारीख ठरवणं जास्त शहाणपणाचं.

खोली आणि चादरी

जुन्या वस्तीत माळवदाचं घर मिळत असेल तर काही विचार न करता ते घ्या. जाड भिंती बाहेरचा आवाज अडवतात, मातीचं छत आवाज पितं आणि लाकडी तुळया तो विखुरतात. फक्त छतातून माती झरते, वाद्यांवर आणि माइकवर. वर एक धोतर ताणून बांधा.

बहुतेकांच्या वाट्याला स्लॅबची खोली येते: १२ बाय १५ फूट, उंची १०, खाली फरशी. अशा खोलीत टाळी वाजवली की ‘टर्रर्र’ असा फडफडाट येतो. समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज टोलवला जातो त्याचा तो. इथे सोलापूरकरांना इतरांपेक्षा स्वस्तात उपाय मिळतो. चाटी गल्लीतून किंवा कारखान्याच्या सेकंड मालातून आठ-दहा जाड सुती चादरी आणा. रंग कोणताही चालेल.

चादर भिंतीला चिकटवून लावू नका. भिंतीपाशी हवेचे कण हलतच नाहीत, त्यामुळे कापडाला घासून शोषायला काही उरत नाही. भिंतीपासून सहा इंचांवर दोरी बांधा, चादर दुहेरी करून चुण्या पाडून टांगा, म्हणजे १२ फुटांच्या भिंतीला चार चादरी लागतील. सहा इंच म्हणजे १५ सेंटिमीटर. ज्या सुराच्या तरंगलांबीचा चौथा हिस्सा एवढा असतो, म्हणजे ५७० हर्ट्झच्या आसपास, तिथून वर चादर चांगलं काम करते. सगळ्या भिंती झाकायच्या नाहीत. समोरासमोरच्या जोडीतली एकेक भिंत पुरे. चारही झाकल्या तर वरचे सूर मरतात, खालचे तसेच राहतात आणि मँडोलिन गोधडीत गुंडाळल्यासारखी वाटते.

खालच्या सुरांना चादर काही करू शकत नाही, हे मान्य करून टाका. १० फूट उंचीच्या खोलीत फरशी आणि छत यांच्यामध्ये ५६-५७ हर्ट्झचा सूर घुमतो. बासची मोकळी ए तार ५५ हर्ट्झची. त्यामुळे अशा खोलीत नेमका तो एक सूर फुगतो आणि शेजारचा जी बिचारा बारीक वाटतो. वादकाची चूक नाही. उपाय तीन: बासचा माइक जवळ आणा म्हणजे खोली कमी येईल, मोकळ्या तारेऐवजी तोच सूर ई तारेवर पाचव्या जागी दाबून घ्या, आणि मिक्समध्ये ५६ च्या आसपास अरुंद खाच पाडून तीन-चार डेसिबल कमी करा. कोपऱ्यात चार इंची रॉकवूलचे तक्ते उभे केले तर १०० हर्ट्झच्या वरचा घुमारा आवरतो. रॉकवूल कापडात पूर्ण शिवून घ्या, त्याचा कण घशात जाता कामा नये. दहा बाय दहाची चौरस खोली मात्र घेऊच नका, तिन्ही दिशांचे घुमारे एकाच सुरावर येऊन बसतात.

तारा आणि जुळणी

नवीन तारा आदल्या दिवशी चढवा, त्याच दिवशी नाही. मँडोलिनला ०.०११ ते ०.०४० इंचाचा संच, गिटारला ०.०१३ ते ०.०५६, दोन्ही फॉस्फर ब्राँझ. मँडोलिनचा ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावरच उभा असतो. सगळ्या तारा एकदम काढल्या की तो पडतो आणि मूळ जागा हरवते. एकेक जोडी बदला. नंतर बाराव्या फ्रेटवरचा सूर आणि त्याच जागेचा हार्मोनिक पडताळा: दाबलेला सूर चढा आला तर ब्रिज शेपटाकडे, उतरता आला तर मानेकडे, केसभर सरकवा. बँजोलाही हाच नियम.

जुळवताना खालून वर यावं. वरून खाली आणलेली तार खुंटीत ढिली राहते आणि टेकच्या मध्यात उतरते. मँडोलिनच्या जोडीतल्या दोन तारा ट्यूनरवर सारख्या दिसल्या तरी कानाने लहरी ऐकून मिळवा. सगळ्यांनी एकाच ट्यूनरवर, ए म्हणजे ४४० हर्ट्झ. घामाचे हात पुसायला फडकं जवळ हवं, सोलापुरी घामाने तार एका रात्रीत काळी पडते.

माइक

दोनच माइक असतील तरी अल्बम होतो. एकसारखे दोन लहान डायफ्रॅमचे कंडेन्सर, टोकांमध्ये १७ सेंटिमीटर अंतर, ११० अंशांचा कोन, उंची पाच फूट. वादक त्यांच्याभोवती अर्धगोलात. मिक्स मग खुर्च्या सरकवून करायचा: गिटार सगळ्यात हळू, ती अडीच फुटांवर. मँडोलिन चार फुटांवर. व्हायोलिन साडेचार. बँजो सहा, आणि थोडा तिरका. बास मध्ये, पाच फुटांवर. एक मिनिट वाजवा, ऐका, खुर्ची सरकवा, पुन्हा. यात दीड-दोन तास सहज जातात आणि ते वाया गेलेले नसतात. एकल वाजवणारा दीड पाऊल पुढे सरकतो, संपलं की मागे. जुने ब्लूग्रास बँड एकाच माइकभोवती असेच फिरत.

जास्त माइक असतील तर ही जोडी ठेवूनच प्रत्येकाला एकेक जवळचा द्या:

गिटार: भोकासमोर नको, तिथे १०० हर्ट्झच्या आसपास भोपळ्यासारखा घुमतो. मान जिथे धडाला मिळते तिकडे रोखून, आठ ते बारा इंच.
मँडोलिन: तितक्याच अंतरावर, मानेच्या जोडाकडे. पिकचा खरखराट जास्त आला तर माइक थोडा वर उचला.
बँजो: फूटभर लांबून, कातड्याच्या खालच्या भागाकडे. रिबन माइक असेल तर तो इथेच वापरा.
व्हायोलिन: उभ्या वादकाला दोन फूट वरून. मांडी घालून बसलेल्याच्या व्हायोलिनचं पोट समोर आणि वर तोंड करून असतं, तिथे माइक त्याच्या गुडघ्यापासून दोन फूट पुढे, छातीच्या उंचीवर. धनुष्य माइकला धडकत नाही ना ते सर्वांत लांब फटक्यावर तपासा.
बास: ब्रिजसमोर आठ-दहा इंच, किंचित वरच्या तारांच्या भोकाकडे.

एका वाद्याचा माइक त्याच्यापासून जितका लांब, त्याच्या किमान तिप्पट लांब दुसरा माइक हवा. तेव्हा शेजारचा आवाज साडेनऊ डेसिबलने खाली जातो. बँजो आणि गिटार शेजारी बसवू नका. गिटारच्या माइकची पाठ बँजोकडे येईल असं बघा. गळती शून्य करायचा खटाटोप व्यर्थ आहे. गळती चांगल्या आवाजाची असेल तर तीच अल्बमला खोली देते.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वांत जोरदार क्षणी मीटर उणे १२ ते उणे १० डेसिबलपर्यंत, वर नको. आठ ट्रॅकना मिनिटाला सुमारे ७० एमबी लागतात. पाच मिनिटांच्या दहा धुना, प्रत्येकीचे सहा टेक, म्हणजे २१ जीबी. उजाडायच्या आत दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घरचा इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर त्यावर इंटरफेस लावू नका, सगळ्या ट्रॅकवर भुंगा बसतो. गुणगुण तरी आलीच तर सगळी उपकरणं एकाच सॉकेटपट्टीवर आणा आणि अर्थिंग तपासून घ्या.

रात्रीचा क्रम

पहिली धून मधल्या गतीची, सगळ्यांना पाठ असलेली घ्या. ती अल्बममध्ये न घेण्याच्याच बोलीवर वाजवा, हात आणि कान मोकळे होतात. सर्वांत वेगवान धून दुसरी किंवा तिसरी. रात्री दोननंतर वेगवान धुना फक्त चुकतात. संथ धुना तेव्हा घ्या.

क्लिक फक्त सुरुवातीचे दोन बार ऐकवा आणि बंद करा. मध्ये गती थोडी श्वास घेते तेवढी घेऊ द्या. पण दोन टेकच्या गतीत मिनिटाला दोन ठोक्यांहून जास्त फरक पडला तर ते एकमेकांना जोडता येत नाहीत, म्हणून प्रत्येक टेकआधी तीच क्लिक. एका धुनेचे पाच-सहा टेक. सहावाही जमला नाही तर धून बाजूला ठेवा, सातवा सहसा पाचव्याहून वाईट येतो. शेवटचा सूर विरेपर्यंत कोणी हलायचं नाही, ‘वा’ म्हणायचं नाही. दहा सेकंद मोजा. सगळ्यात जास्त टेक इथेच वाया जातात, आणि दाद देणारा बहुधा चहा घेऊन आलेला असतो.

जोडणी आणि मिक्स

सर्वांत चांगला टेक मुख्य धरा आणि सर्व ट्रॅक एकदम कापा. एकाच वाद्याची चूक बदलायला जाल तर गळतीमुळे बाकीच्या माइकमध्ये जुनी चूक भुतासारखी ऐकू येते. कापायची जागा तुकड्याच्या पहिल्या चॉपच्या किंचित आधी, जोड पाच ते दहा मिलिसेकंदांचा.

आधी फक्त मधली जोडी ऐका. मग जवळचे माइक एकेक करून, जेमतेम जाणवतील इतके वर आणा. एखादा माइक वर आणल्यावर वाद्य बारीक झालं तर त्याची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघा. खालचे नको असलेले सूर काढा: मँडोलिन आणि व्हायोलिनचा सर्वांत खालचा सूर १९६ हर्ट्झ, तिथे १२० पर्यंत बिनधास्त कापा. गिटारला ७०, बासला ३५. लूमचा खडखडाट इथे बराच जातो. डावी-उजवीकडे वाटप खुर्च्यांप्रमाणेच ठेवा. जोडीत मँडोलिन डावीकडून येत असताना तिचा जवळचा माइक उजवीकडे टाकला तर वाद्य दुभंगतं. कॉम्प्रेसर (मोठे सूर दाबणारं साधन) फक्त बासवर, दोनास एक, तीन डेसिबलपर्यंत. शेवटची पातळी उणे १६ ते उणे १४ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप), शिखर उणे १ डेसिबल. यापेक्षा मोठा केला तर चॉपचा टणकपणा आधी मरतो.

प्रकाशनाआधीची कागदपत्रं

पारंपरिक अमेरिकन धुना कोणाच्या मालकीच्या नसतात, पण एखाद्या कलाकाराने त्यावर केलेली स्वतंत्र बांधणी असू शकते. तुम्ही धून कुठल्या रेकॉर्डिंगवरून शिकलात ते लिहून ठेवा आणि एकल तुकडे स्वतःचे वाजवा. भारतात संगीतकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. दुसऱ्याची रचना परवानगीविना वाजवण्यासाठी कायद्याच्या कलम ३१-क मध्ये सोय आहे, पण मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं जावी लागतात आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. चार मित्रांच्या अल्बमला हे परवडत नाही. स्वतःच्या धुना रचा, त्या रचनाकाराच्या नावाने आयपीआरएसमध्ये (रचनाकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत) नोंदवा. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, लागतो. तो भारतात इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संस्थेकडून मिळतो किंवा वितरक देतो.

रचना कोणाची आणि उत्पन्नात वाटा किती, हे पहिल्या तालमीआधी एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. तालमीत ‘ब’ तुकडा व्हायोलिनवाल्याने सुचवला होता की मँडोलिनवाल्याने, यावरून पुढे बोलणं बंद होतं आणि दुसरा अल्बम राहून जातो.